दिवसाला पंधरा ग्लास

गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावर, चौदा नंबरच्या खिडकीत
शनिवार-रविवार मी असते, व्हर्ना कुबाला.
आधी शाळेची बस चालवायचे, ती गुडघ्यांपायी सुटली.
बोटीवर कधी पाय ठेवला नाही.
पण विचारा काहीही.

"वेळ साडेअकराची दिलीय, साडेदहाला आलो तर चालेल?"
नाही चालणार. पण आलातच ना आता, उभे राहा त्या खांबापाशी.
"कॉफी फुकट ना?"
काळी फुकट. फेसाची विकत.
"हे अठरा टक्के कशाचे?"
सेवेचे.
"आणि रोजचे सोळा डॉलर?"
तेही सेवेचेच.
"मग टीप?"
ती तुमच्या मनावर.
लफकिनचा हॉलिस पेटिग्रू बायकोकडे असा बघतो
जणू गाय घेतली रोख मोजून
आणि आता दाव्याचे वेगळे, घंटेचे वेगळे,
हंबरली तर त्याचेही.
त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत,
मोठी बॅग हमालाकडे,
हमाल केव्हाच दिसेनासा.
सहापर्यंत केबिनच्या दारात येईल, मी सांगते.
येते बहुतेक.

मागे बोट उभी, चौदा मजले,
पेलिकन तिच्यापुढे माशीएवढे.
ती असेपर्यंत आमच्या पार्किंगवर सावली असते.
तेवढा एक फायदा, बिनपैशाचा.

मग त्या दोघी आल्या.
रोवेना आणि आयडेला ब्रूसार्ड, पोर्ट आर्थरच्या,
एकाच कापडातून बेतलेले चेहरे,
थोरलीचा जरा जास्त धुतलेला.
बोलत होती धाकटी.
"मला पेयांचं पॅकेज हवंय. हिला नको."
नियम मला पाठ आहे:
केबिनमधल्या एकीने घेतलं, तर दुसरीनेही घ्यायचं.
माणशी, दिवसाला, पंधरा ग्लास.
"पण ही पीत नाही."
नियम आहे, बाई.
"म्हणजे न पिण्याचे पैसे?"
न पिण्याचे. आणि त्यावर अठरा टक्के.

थोरलीने पासपोर्ट सरकवला, त्याच्याखालून
एक पितळी नाणं घरंगळत आलं
आणि माझ्या की-बोर्डपाशी गिरकी घेऊन आडवं झालं.
सवयीने बोलून गेले, बोटीवर रोकड चालत नाही,
सगळं कार्डावर.
"हे चालतं," रोवेना म्हणाली. "अकरा वर्षं चालतंय."
मधोमध अकराचा आकडा, कडा अंगठ्याने गुळगुळीत.
मला उमगायला वेळ लागला, लागायला नको होता.
माझ्या भावाकडे होतं असं, नव्वद दिवसांचं.
पुढचं आलं नाही.

रांगेत कुणीतरी मुद्दाम खोकलं.
मी सुपरवायझरला फोन लावला.
"डॉक्टरची चिठ्ठी आहे का?" डेलमारने विचारलं.
मी तेच पुढे विचारलं.
आयडेला हसली, "काय लिहील डॉक्टर?
ही बरी आहे, म्हणून?"

भिंतीवर जाहिरातीतली बाई,
हातात नारळ, नारळात कागदी छत्री.
आयडेलाने तिच्याकडे पाहिलं, पर्स उघडली,
मिटली.
"राहू दे पॅकेज. लागेल तसा एकेक ग्लास घेईन."
"मोजून?"
"तू मोज."
"मी सुट्टीवर आलेय," रोवेना म्हणाली.

कार्डं छापून दिली, दोन.
पुढे तपासणीच्या ट्रेमध्ये पट्टा, चष्मा, किल्ल्या, नाणं.
पहारेकऱ्याने ते उचलून उजेडात धरलं.
ती हात पसरून उभी राहिली, मागची सगळी रांग थांबवून,
तो परत देईपर्यंत.

चार वाजता भोंगा झाला.
बोट गेली तसं पार्किंगवर ऊन आलं,
एकदम, कुणी चादर ओढून काढावी तसं.
गाडीचं स्टिअरिंग हात लावू देईना.
दारं उघडी टाकून मी बाहेर उभी राहिले,
थंड होईपर्यंत.