रुकडीचं क्रॉसिंग

सहा वाजून बारा मिनिटं. मिरजेहून आलेली पॅसेंजर
लूपवर येऊन थांबते.
ती थांबली की समजायचं,
कोल्हापुरातनं दुसरी सुटलीय.

मी फलाटाच्या टोकाला,
जिथं फरशी संपते नि खडी सुरू होते.
दोन्ही इंजिनं एका चौकटीत यावीत
हा माझा तीन वर्षांचा हट्ट.
कधी विजेचा खांब मधे येतो,
कधी शेरडू,
कधी नेमक्या क्षणी माझाच हात हलतो.

बाबालाल पॉइंट्समन म्हणाला,
"नुसत्या गाड्याच काढतोस व्हय रं?
एकतीस वर्सं हात वर करून उभा हाय,
तुझ्या एका बी फोटूत मी न्हाई."

मी मागचे फोटो चाळले.
होता की.
कुठं कोपर, कुठं हिरव्या कापडाचं टोक.

एक धडधडत गेली, मग दुसरी रेंगाळत.
रूळ अजून वाजत होते.
"आता काढ," तो म्हणाला,
शर्टाचं वरचं बटण लावलं
आणि रिकाम्या लायनीला
हिरवी झेंडी दाखवली.

त्या फोटोत गाडी नाही.
झेंडी जराशी हललीय,
मागं उसाच्या तुऱ्यांवर उरलेलं ऊन.