फेब्रुवारीचा वाटा

पहाटेचे चार. उणे तेवीस.
क्रेनच्या टोपलीत उभी राहून मी पंखावर
केशरी, वाफाळतं ग्लायकॉल मारतेय.
जिभेवर उडालं तर गोडसर लागतं,
हे पॅडवर सगळ्यांना माहीत आहे
आणि चाखल्याचं कुणी कबूल करत नाही.
खाली ट्रक चालवतोय वारसामे.
हेडसेटमधून विचारतो, "जमा झालं?"
"झालं."
"किती?"
मिनियापोलिसमध्ये असं कुणी कुणाला विचारत नाही.
आम्ही दोघं विचारतो.

सहा टक्के. कर कापून
दोन हजार एकशे चाळीस डॉलर.
मुलीच्या दातांच्या तारा, आणि मागचे दोन टायर.
वैमानिकांना अकरा. डिस्पॅचर्सना अकरा.
नफा एकच, वर्ष एकच,
आणि हे पुढ्यात थरथरणारं विमानही तेच,
पंख मी धुतलेले.

ऑरिन हाल्वर्सन डिस्पॅचर आहे.
पार्किंगच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसतो.
काल त्याचा फोन वाजला, त्याने पाहिलं
आणि मांडीवर पालथा घातला.
मग खिडकीकडे बघत, न विचारताच, म्हणाला,
चोवीस वर्षं युनियनची वर्गणी भरतोय मी.
कंपनी बुडत होती तेव्हा पगाराचा तिसरा हिस्सा सोडला,
पेन्शन गेली,
बदल्यात करारात एक ओळ लिहून घेतली.
ती ही ओळ.

खोटं नव्हतं त्यात काही.
मी म्हटलं, त्या साली रॅम्पवरच्यांचाही पगार कापला, ऑरिन.
आमच्यापुढे फक्त कुणी कागद ठेवला नाही.
तो म्हणाला, कागद कुणी ठेवत नसतं.
नंतर निळ्या लॉटपर्यंत
बसचा हीटरच काय तो बोलला.

माझा पणजोबा सुतार.
खळ्यावर रास पडली की त्याचं बलुतं ठरलेलं,
नांगर दुरुस्त केले त्याचं, हक्काचं,
माप शिगोशीग भरलं नाही तर भांडायचा म्हणे.
ही गोष्ट आमच्याकडे कौतुकाने सांगतात.
त्याच खळ्याच्या कडेला काहीजण थांबलेले असत,
मापात नाव नसलेले.
रास उचलली की मातीत उरलेले दाणे त्यांचे,
खड्यांसकट झाडून न्यायचे,
आणि त्याला 'दिलं' म्हणायचे.
पणजोबाने तिकडे कधी पाहिलं का,
हे मात्र घरात कुणाला आठवत नाही.

ब्रेकरूममध्ये काल केक होता, विमानाच्या आकाराचा.
सोबत पत्र: आपण सारे एक कुटुंब.
माझ्या आईकडे यासाठी एक शब्द होता, पंक्तिप्रपंच,
एकाच पंगतीत एकाच्या भातावर तुपाची धार
आणि दुसऱ्याच्या भातावर रिकाम्या तुपलीचा आवाज.
वारसामेला समजावून सांगितला.
त्याने तो दोनदा म्हणून पाहिला,
दुसऱ्यांदा बरोबर.
मग केकची शेपटी कापून मला दिली.

एक गोष्ट ऑरिनला सांगायची राहिली.
दोन वर्षांपूर्वी आम्हालाही अकरा मिळाले होते.
त्या हिवाळ्यात युनियनची कार्डं फिरत होती
आमच्या लॉकर्समधून, जेवणाच्या डब्यांतून.
मग कार्डं फिरायची थांबली.
मग सहा.
म्हणजे तेव्हाचे अकराही
त्याच्याच भांडणाच्या शेकोटीची धग होती का,
आम्ही लांबून हात शेकले, लाकूड न घालता?
की शेकोटी त्यांची, आणि लाकूडही आमचंच?
टोपलीत उभं राहून हा हिशेब सुटत नाही.

वारसामेने नोव्हेंबरमध्ये दिलेलं कार्ड
माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात आहे, नाव लिहिलेलं, सही नाही.
या थंडीत पेनातली शाई गोठते,
असं मी त्याला सांगत आलेय.
"एप्रिलमध्ये काय सांगशील?" हेडसेटमध्ये तो.

पंख स्वच्छ झाला. हिरवा थर बसला.
वैमानिक काचेतून अंगठा दाखवतो,
मीही दाखवते, मोज्यातला, जाडजूड.
पुढचं विमान पॅडवर वळतंय.
"डावीकडून घे," मी म्हणते,
"आणि ट्रकमध्ये हीटरजवळ
एखादं पेन ठेवून दे."