वार लावलेले शब्द

प्रत्येक शब्दाचा माझ्या दारी वार ठरलेला आहे.
नवा असला की रोज येतो.
ओळखला, तर चार दिवसांनी,
पुन्हा ओळखला, तर अकरा,
मग महिना, मग एकदम पुढच्या हिवाळ्यात.
नाही ओळखला
तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत पायरीवर,
काल जेवलोच नाही असा चेहरा करून.

ताम्पेरेला माझं दुकान आहे.
विणायची जुनी जपानी यंत्रं येतात दुरुस्तीला.
दोनशे सुयांतली एक वाकडी,
आणि सोबतचं पुस्तक असं, की चित्रातला बाणही
कुठे बोट दाखवतोय ते कळू नये.
म्हणून एकसष्टाव्या वर्षी
फोनमध्ये ही खानावळ काढली.

जुलैत राइलीचा निरोप आला :
तळ्यावर ये. बारा दिवस. आणि हिल्का, तो फोन नको.

बारा दिवस कुलूप!
मी हिशोब मांडला. नवे शब्द शून्यावर आणले.
निघायच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागून
पुढच्या तीन दिवसांचे वार आधीच उरकले,
पाहुण्यांना झोपेतून उठवून वाढावं तसे.
तरी परत येईन तेव्हा दारात
आठशेच्या खाली कोणी नसणार.
फोन नेलाच. राइलीनं तो पावाच्या डब्यात ठेवला
आणि वर पाव.

तळ्यावर वीज नाही.
जुलैत रात्रही नाही, दिवसच जरा फिका होतो.
संपत नाही त्या दिवसाला वार कुठला लावायचा?
बोटं सवयीनं खिसा चाचपत राहिली,
मग ब्लूबेरीनं निळी झाली, मग विसरली.
होडीत बसले तर वल्ह्याचा जपानी शब्द आठवेना.
घालमेल झाली. अर्ध्या तळ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं,
तो मी शिकलेच नव्हते.

पाचव्या की सहाव्या दिवशी
उर्पोच्या घोट्याला जळू लागली.
मला हसू आलं. कारण मी सांगितलं नाही :
एकच शब्द अठरा वेळा चुकला
की फोन त्याला जळू म्हणतो.
माझ्याकडे अशी एक आहे. वासुरेरु. विसरणं.
मी ओढायला गेले तर उर्पो म्हणाला, राहू दे,
पोट भरलं की आपण सुटते.
आणि कॉफी पीत बसला, पाय पाण्यात सोडून.

त्या संध्याकाळी साउनात
गरम फळीवर ओल्या बोटानं मी दोन अक्षरं काढली,
नेहमी एकमेकांत मिसळणारी.
दोघांत तुकडे तेच : एक हरवणं, एक मन.
मन बाजूला, अंग चोरून उभं केलं
तर होते घाई.
तेच मन खाली पसरलं, हरवलेलं त्याच्यावर ठेवलं,
तर विसर.
राइली म्हणाली, काय लिहितेस?
मी दाखवायला वळले
तोवर फळी कोरडी.

परत आले. आठशे सत्तेचाळीस.
पायरीवर, जिन्यात, पार रस्त्यापर्यंत.
पहिल्या तासाला वाटलं, सगळ्यांना आजच वाढू.
मग पावाचा डबा आठवला.
रोज चाळीस. बाकीच्यांनी बसावं.
कोणी कंटाळून निघून गेलं, तर गेलं.
सुई हा शब्द गेला, दुकानदारणीचा सुई!
त्याला पहिल्यापासून, रोजच्या रांगेत.

विसाव्या पानावर जळू आली. ओळखली.
विसरणं, म्हटलं मी मोठ्यानं, रिकाम्या दुकानात.
आणि लगेच पुढचं पान : घाई.
ती साफ विसरले.

तिला उद्या ये म्हटलं.
अजून आठशे सात बसलेत,
आणि काउंटरशी एक बाई
रुमालात वाकडी सुई गुंडाळून
केव्हाची उभी आहे.