अडीच फूट

शालिक नंदनवारनं आजवर खिडक्याच केल्या,
सरकत्या, तीन ट्रॅकच्या, जाळीसकट.
हिंगणा रोडला त्याच्या शेडपुढं माझी गाडी उभी केली,
शाळेची जुनी बस, आतून सगळी खरवडलेली,
एका कोपऱ्यात कुणाची तरी कंपासपेटी.
तो आत वाकून बघत राहिला.
"मॅडम, हिच्यात काटकोनच नाही न बाप्पा."

नाहीच.
भिंती पोटासारख्या फुगलेल्या, छत कडेला झुकलेलं,
चाकांवर पत्र्याची कुबडं.
काटकोन आपण घेऊन जाऊ आत, मी म्हटलं,
मधल्या फटीत राहू दे हवा.

वीस बाय वीसचं सेक्शन.
चारी अंगांना खाच. खाचेत टी-नट सोडायचा,
चतकोर फिरला की अडतो,
मग ॲलन कीनं आवळायचा.
खिळा नाही, फेव्हिकॉल नाही, भुसा नाही.
"हे तं पोरांचा खेळ झाला," शालिक म्हणाला,
आणि दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन आला.

मे महिना. दुपारी सेक्शन धरलं की तवा धरल्यासारखं.
पहाटे साडेपाचला मोजायचं, कुलरपुढं नऊपर्यंत कापायचं.
एकदा त्यानं भर दुपारी कापलेला दोन मीटरचा तुकडा
सकाळी मिलीमीटरभर आखूड भरला.
आधी करवतीला शिव्या, मग टेपला,
मग माझ्याकडं बघणं.
रात्री आकसला तो, मी म्हटलं.
रुळांच्या सांध्यात फट कशाला ठेवतात, माहीत आहे?

मोतीबागेच्या ड्रॉइंग ऑफिसात सत्तावीस वर्षं
मी छोट्या गाडीचे डबे काढले,
कडीपासून पायरीपर्यंत, सगळे कागदावर.
मग छोटी लाईनच उचलली.
नकाशांच्या गुंडाळ्या कुठं गेल्या
ते विचारायला मी गेले नाही.

कुमुद आली ती लोणच्याची बरणी कडेवर घेऊन.
माझी नणंद. आम्ही दोघीच जाणार आहोत.
"ही मावली पायजे. बाकी तुझं तू पाह्य."

मानेवाड्याच्या घरात ओट्यावरची फळी सिमेंटची.
सासऱ्यांनी हात वर करून
गवंड्याला दाखवलेली उंची.
एकतीस वर्षं चहाचा डबा मी टाचा उचलून काढला.
कुमुदनंही काढला, लग्न होईतो.
फळी तिच्या बापाची, पण हात
तिचाही पुरत नव्हता.

"किती ठेवू?" शालिकनं विचारलं.
मी नुसती उभी राहिले. हात जिथं गेला तिथं म्हटलं, इथं.
कुमुद माझ्याहून चार बोटं बुटकी.
"अजून खाली."
चार बोल्ट ढिले, फळी खाली. आता बरणी मावेना.
फळी वर. खाली. जराशी वर.
"दिवसभर हेच करून राहाचं काय?"
शालिक घाम पुसत म्हणाला.
आम्ही दोघी एकदम हो म्हणालो.

दोन्ही बाजूंची कपाटं उभी राहिली, तेव्हा
मधली वाट मोजली. सातशे बासष्ट.
"साडेसातशे केलं असतं तं राउंड झालं असतं न."
मी टेप पुन्हा लावला. सातशे बासष्ट.
अडीच फूट, छोट्या गाडीचे दोन रूळ
एकमेकांपासून जेवढे लांब असत तेवढं.
मी ठरवलं नव्हतं.
पेन्सिल मात्र माझीच होती.
राहू दे, म्हटलं.

परवा उमरेड रोडला फिरवून आणली.
सिमेंटच्या रस्त्याचा प्रत्येक सांधा चाकाखाली बोलला,
कप्पे मिटलेलेच राहिले, बरणीनं थेंब सांडला नाही.
फक्त कुठंतरी आत, एखाद्या पोकळ सेक्शनमध्ये,
बारीक खुळखुळ.

नट आणले होते एकशे पंच्याहत्तर.
लागले एकशे चौसष्ट.
डब्यात उरले दहा.
"खोलतो पुरं," शालिक पाने काढायला लागला.
कुमुद पुढच्या सीटवरूनच ओरडली,
"काऊन खोलतं? कोण्ता रस्ता कसा आहे
तेवढं तरी सांगन तो."