पंचेचाळीस पूर्णांक एकवीस

दिवसभर मी दुसऱ्यांचा उशीर टाइप करते.
कसबा बावड्यात, कोर्टासमोरच्या खोक्यात,
एक टेबल, दोन खुर्च्या, खोकणारा प्रिंटर,
आणि मुजावर वकिलांचं अक्षर, जे फक्त मला लागतं.
अर्जदारास अपील करण्यास तीनशे बारा दिवस विलंब झाला,
तो हेतुपुरस्सर नाही,
त्यास सबळ कारण आहे, ते येणेप्रमाणे.
येणेप्रमाणे म्हणजे
गुडघ्याचं ऑपरेशन,
भावकीतला समझोता, जो मोडला,
कागद शिरोळच्या आत्याच्या ट्रंकेत राहिलेले.
दिवसादिवसाचा हिशोब लागतो, साहेब म्हणतात,
नुसतं ‘अडचण होती’ चालत नाही.

माझा उशीर चार वर्षांचा.

आज रात्री अकरा एकोणसाठला फॉर्म बंद.
नाव भरून झालं : मगदूम राजमती भूपाल.
पदवी : बीएस्सी, फिजिक्स.
टक्के : ४५.२१.
लागतात पंचेचाळीस.
चौकटीपुढं हिरवी खूण उमटली, पात्र,
आणि मला उगाचच
एसटीत कुणी सरकून जागा दिल्यासारखं झालं,
अर्धी मांडी सीटवर, अर्धी बाहेर.

महापुराचं कारण देता येईल.
एकोणीस साल, दुसरं वर्ष,
वह्या माळ्यावर, आम्ही शाळेच्या हॉलमध्ये.
पण पाणी आठवड्याभरात ओसरलं,
इलेक्ट्रॉनिक्स त्यानंतरही दोनदा राहिलं.
उलटतपासणीत हे निघणारच,
तर आपणच सांगितलेलं बरं.

सुकुमार, शेजारच्या टेबलाचा, म्हणतो,
भर की यंदाच, सीईटीत मार्क पाड,
डिग्रीचे टक्के कोण बघतंय?
तेजस्विनी पुण्याहून म्हणते, आधी एमए कर,
साठ पाड, मग लोक साठच बघतील.
भाकरी मोडता मोडता पप्पांना विचारलं.
उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर.
म्हणाले, जॉब चकात बसला नसंल
तर मशिन चालू करायचं न्हाई.
आणि बसला असंल
तर उगं पुसत बसायचं न्हाई.
आमटी वाढ.

बसलाय का, तेवढंच मग बघायचं होतं.
साडेनऊला सरावाची प्रश्नपत्रिका काढली,
मोबाइलवर घड्याळ लावलं.
एकशेवीसपैकी एक्कावन्न.
परीक्षा बावीस दिवसांवर.

गंमत म्हणजे, वाईट वाटलं नाही.
चार वर्षं मला अडवणारा आकडा
जुनाच होता, न बदलणारा,
गुणपत्रकावर लॅमिनेट करून ठेवलेला.
हा ताजा. आत्ताचा.
याला हात लावता येतो.

अकरा चाळीसला फॉर्म मिटला.
पप्पांच्या खोलीत पंखा कुरकुरत होता.
पिशवीत शंभराचा एक बॉण्ड होता, बिघडलेला,
आता पाचशेचाच लागतो म्हणून
कुणी परत न्यायला न आलेला.
त्याच्या पाठीवर लिहिलं :

मी, खाली सही करणार, वय सव्वीस,
यंदा अर्ज करत नाही.
कारण टक्के नव्हेत.
कारण महापूर नव्हे.
कारण माझी तयारी नाही, आणि हे मला आज कळलं.
रोज दोन तास, कोर्ट सुटल्यावर.
पुढच्या वर्षी फॉर्म सुटेल त्या दिवशी, शेवटच्या नव्हे.
ही तहकुबी शेवटची समजावी.

‘शेवटची’खाली रेघ मारली. मग वाटलं,
सगळेच मारतात तिथं रेघ.
सही केली. साक्षीदाराची जागा रिकामी.

सकाळी साहेब आले, स्कूटर स्टँडला लावून,
डब्याची पिशवी खुर्चीला अडकवत :
भरलीस का गं फॉर्म?
पुढची तारीख घेतली, म्हटलं.
चष्म्याच्या वरनं बघितलं त्यांनी,
पक्षकाराकडं बघतात तसं,
जो खोटं बोलतोय का खरं
अजून ठरायचंय.
कारण?

मी पिशवीतनं बॉण्ड काढला.
लेखी आहे, म्हटलं.
साक्षीदार पाहिजे.

त्यांनी खिशाला पेन चाचपलं.
आधी वाचतो, म्हणाले, सगळं,
आणि खुर्ची उजेडाकडं ओढली.