त्रेचाळीस टक्के

लातूरला सकाळी साडेदहाला आमच्या पुढ्यात
काजूच्या वाट्या आणि तीन वर्षांचे अहवाल एकदमच आले.
अध्यक्ष दिल्लीचे, मी पुण्याची,
तिसरे सदस्य विमान चुकल्यामुळे पडद्यावर,
मधूनमधून गोठायचे, तोंड उघडं ठेवून.

तक्ता माझ्याकडे. एकोणीस रकाने.
संचालक हलगे सर उभ्यानं उत्तरं देत होते,
बसा म्हटलं तरी उभेच,
वर्गाबाहेर काढलेल्या हुशार पोरासारखे.
शोधनिबंध? चार.
पेटंट? अर्ज गेलाय, पोच यायचीय.
मंजूर पदं एकतीस, भरलेली अकरा,
त्यातला एक माळी, आणि बाग नाही.

सातव्या रकान्यात मी अडले:
महासंगणकाची उपलब्धता, त्रेचाळीस टक्के.
अध्यक्षांनी चष्मा काढला.
"बाकीची केंद्रं नव्वदच्या खाली बोलत नाहीत."
हलगे सर म्हणाले, "तांत्रिक कारणं,"
आणि खिडकीकडे बघत राहिले.
खिडकीबाहेर एक हिरवी टाकी,
पोटात पोचा आलेली.

जेवणाआधी मी यंत्रघरात गेले, एकटीच.
चपला बाहेर, देवळासारख्या.
नसरीन तांबोळी, कंत्राटी, सातवं वर्ष,
तिनं न मागता नोंदवही पुढे केली.

बारा एप्रिल. मशीन बंद. टँकर एकच आला. मुलींच्या वसतिगृहाला दिला.
चौदा एप्रिल. बंद. तेच.
एकोणीस. रात्री दोन तास चालू. हवा गार होती.

पानामागून पान. पेन बदललेलं, अक्षर तेच.
यंत्र थंड ठेवायला रोज चार हजार लिटर लागतं
हे मला ठाऊक होतं, आकडा म्हणून.
"कुणी ठरवलं हे?"
"ठरवलं असं न्हाई, मॅडम. सर म्हणले,
मशीनला तहान नसती, ताप असतो.
तापाला निजवता येतं."
"बैठकीच्या इतिवृत्तात आहे?"
"तवा प्रिंटरला कागद नव्हता."

त्या दोन-दोन तासांच्या रात्रींत
त्यांनी यंत्राला बोलणं शिकवलं होतं:
उदगीरचा बैलबाजार, निलंग्याचा स्टँड,
अहमदपूरच्या दवाखान्यातली रांग.
रकाना अकरा. प्रकल्प 'बोली'. खर्च कमी, फलित अस्पष्ट.
"बोला कायबी," नसरीन म्हणाली.
मी घसा साफ केला:
आज हवामान कोरडे राहील.
पडद्यावर आलं, आज हवा मान कोर डेरा हिल.
मला बरं वाटलं, का ते विचारू नका.
मग, कुठल्या खणातून निघालं कोण जाणे,
चाळीस वर्षं पुण्यात घडी घालून ठेवलेलं,
"काय करूलालीस गं, इकडं ये की."
एकेक अक्षर उमटलं. बिनचूक. अनुस्वारांसकट.
नसरीन हसली नाही.
"मॅडम, तुम्ही औशाकडच्या?"

संध्याकाळी अध्यक्ष म्हणाले, व्यवस्थापनाला 'क'.
मी वाद घातला,
परतीच्या गाडीआधी घालता येतो तेवढा.
पडद्यावरचे सदस्य गोठलेले होते, ते मौन
आम्ही संमती धरलं.
ठरलं, 'ब उणे'.
शेऱ्याला दोनशे अक्षरांची जागा. मी लिहिलं:
पाणीवापराचे निर्णय लेखी असावेत.
खोटं नाही त्यात काही.
वाचून हलगे सरांनी मान डोलावली, "करतो,"
आणि पहिल्यांदा खुर्चीत बसले.
नसरीनचं कंत्राट जूनपर्यंत. ते कुठल्या रकान्यात येतं
हे मी विचारलं नाही, तिनंही नाही.

हरंगुळ मागे पडल्यावर मी लॅपटॉप उघडला,
जोडपत्रात नमुन्याचं वाक्य टाकलं.
'करूलालीस'खाली लगेच लाल नागमोडी रेघ.
शब्दकोशात घाला, हे बटण दाबलं,
तर यंत्रानं विचारलं:
सर्वांसाठी, की फक्त तुमच्यासाठी?