पाण्याची साय

सव्वाअकरा. हसुराम नाखवाने ऐरोलीहून होडी सोडली.
उशीर माझा; काचपट्टी लॅबमध्येच राहिली होती,
फडक्यात गुंडाळलेली.

भरती पुरी होऊन खाडी थबकलेली.
काच उभी बुडवायची, उभीच वर घ्यायची,
सावकाश, बरणीतून तेलातली पळी काढावी तशी,
आणि रबराने निपटायचं तिला बिलगलेलं:
केसाहून पातळ पदर.

‘काय घेतंस गो बाय?’
साय, मी म्हटलं.
‘नासक्या दुधाला कुठली साय?’
तो हसला नाही. वल्हं फिरवलं.

रबाळ्याला, दुसऱ्या मजल्यावर, दोन वाट्या.
एक कपाटात, काळ्या कापडाखाली.
दुसरी गच्चीवर, टाकीशेजारी, उन्हात.

साधीच आम्लं.
एक मुंगीच्या डंखातलं,
एक साखर मोडताना आपल्याच पेशींत
क्षणभर थांबून पुढे जाणारं,
आणि एक नऊ कार्बनांचं, खवट,
ज्याच्या बाटलीला शेळीच्या गोठ्याचा वास.

त्याच्यापुढे पुस्तकात लिहिलंय: याला ऊन बाधत नाही.

पुस्तक खोल पाण्याचं बोलतं.
तिथे जो तो एकटा, चहूकडून पाणी,
ऊन त्याच्या अंगातून निघून जातं, ओळख न दाखवता.
वर मात्र दाटी. डोकं पाण्यात, शेपूट हवेत,
समोरच्या चिखलात रोहित पक्षी उभे असतात तसे,
अंगाला अंग लावून.
आणि मग त्यांना ऊन लागतं.

कुणी तुटतं.
दोन तुटके एकमेकांना धरतात,
तिसरंच काही होतात, जड,
कागदावर उंच शिखर काढतात ज्याला माझ्या यादीत नाव नाही.
काही हलके होऊन उडून जातात, बहुधा मुलुंडकडे.

भागवतसर म्हणतात, नमुना मीटरभर खालून घ्या,
वरचं टिकत नाही, वरचं बदलत राहतं.
फॉर्मवर रकाना आहे खोलीचा.
तिथे शून्य लिहिलं की संगणक
चूक म्हणून लाल होतो.

म्हणून ही वेगळी वही.
कपाटातली वाटी शुक्रवारीही सोमवारचीच होती.
गच्चीवरचीला वास आला: मेणाचा, जुन्या साबणाचा,
थोडा कलिंगडाच्या सालीचा.

शनिवारी होडीत ती बाटली हसुरामच्या नाकाशी धरली.
त्याने डोळे मिटले, बराच वेळ.
‘दुपारची खाडी,’ म्हणाला.
‘आभाळ असलं का हा वास नसतो.’

मी तारीख टाकली. त्याचं नाव लिहिलं.
खोली: शून्य.